फॅन डायरेक्ट केलाय

मे महिन्यातली दुपार, कलबुर्गीचं सुपर मार्केट. तासाभराचं काम आटोपून गाडीकडे आलो आणि किल्ली फिरवली. सेल्फ नीट फिरत होता, इंजिन मात्र धरायला तयार नव्हतं. बॉनेट उघडलं तसे चारपाच बघे जमले. एकाने पेट्रोल संपलंय म्हटलं, दुसऱ्याने करंट नाही म्हटलं, तिसऱ्याने धक्का मारू म्हणून बाह्या सरसावल्या. काहीच लागू पडलं नाही. संध्याकाळी सहानंतर ऊन उतरल्यावर तीच गाडी अर्ध्या फेऱ्यात चालू झाली.

गाडी म्हणजे पुण्याहून आणलेली जुनी एस्टीम, सोळा व्हॉल्व्हची, ८५ अश्वशक्तीची. त्या उन्हाळ्यात तिने हाच खेळ पाचसहा वेळा केला. एका गॅरेजात बॅटरी बदलली, दुसऱ्यात पेट्रोलचा पंप, तिसऱ्यात सेल्फ उघडून नवे कार्बन ब्रश टाकले. तीन नवे भाग बसले, दुखणं जागच्या जागी. शेवटी हुमनाबादच्या एका उस्तादांनी भर दुपारी गाडी बंद पडायची वाट बघितली आणि ती बंद पडल्यावर मीटर लावला. बॅटरीवर साडेबारा व्होल्ट होते. पंपाच्या रिलेला पोचत होते जेमतेम आठ. मधले साडेचार गेले कुठे? किल्लीच्या स्विचात. कोणे एके काळी कुणीतरी रेडिएटरचा फॅन 'डायरेक्ट' केला होता, म्हणजे किल्ली फिरवली की फॅन सुरू, इंजिन गार असो की गरम. त्या फॅनचे दहा-बारा अँपिअर वर्षानुवर्षं ज्या नाजूक स्विचातून वाहिले, त्याचे संपर्क जळून काळे झाले होते. उन्हात तापलेल्या रिलेला ओढून घ्यायला जास्त दाब लागतो, आणि नेमका तेव्हाच तो कमी मिळत होता. उस्ताद म्हणाले, "साब, ये फॅन का पाप है."

जुन्या वेगवान गाड्यांच्या शौकाबद्दल लिहायला बसलो की मला आधी हेच आठवतं. बीदर-कलबुर्गी भागात अशा गाड्या पाळणाऱ्यांशी बोलताना, त्यांच्या गाड्यांखाली डोकं घालताना माझं एक मत पक्कं झालंय: या गाड्या वयाने कमी आणि उपचारांनी जास्त आजारी असतात. म्हणून त्यांची पहिली दुरुस्ती उलटी असते. आधी कुणी काय काय केलंय ते शोधून काढायचं.

कोणत्या गाड्या म्हणायच्या 'वेगवान'? परदेशी मासिकांतल्या मापाने आपल्याकडे जवळपास काहीच नव्हतं. पण १९९३ साली झेन आली तेव्हा ९९३ सीसीचं, पूर्ण ॲल्युमिनियमचं, ५० अश्वशक्तीचं इंजिन साडेसातशे किलोच्या आसपासच्या गाडीत बसलं होतं. पद्मिनी आणि ॲम्बॅसेडरवर हात बसलेल्या माणसाला ते प्रकरण चपळच वाटलं. १९९४ मध्ये एस्टीम आली. १९९९च्या फोर्ड आयकॉनमध्ये १.६ लिटरचं इंजिन मिळू लागलं. २००० साली होंडा सिटीची व्हीटेक आली, दीड लिटरमधून १०६ अश्वशक्ती. २००१ मध्ये फियाटची पालिओ आली, तिची १.६ जीटीएक्स शंभर अश्वशक्तीची. मग औरंगाबादेत जोडलेली स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस, १.८ लिटर टर्बो, १५० अश्वशक्ती. या यादीतल्या बहुतेक गाड्या आज वीस-पंचवीस वर्षांच्या झाल्या. पुण्या-मुंबईत त्यांचा पहिला मालक कंटाळला, दुसऱ्याने गॅस किट बसवला, तिसऱ्याने एमएच-१२ किंवा एमएच-०४च्या पाटीसकट त्या इकडे विकल्या. उदगीर, उमरगा, आळंद, भालकी, बसवकल्याण अशा गावांत त्या चौथ्या-पाचव्या हातात पोचल्या. म्हणजे या गाड्यांना आमच्याकडे येईस्तोवर तीन-चार डॉक्टर होऊन गेलेले असतात.

आता इथलं हवापाणी. बीदर जांभ्याच्या पठारावर आहे, माती तांबडी. कलबुर्गीकडे उतरलं की काळी माती आणि शहाबादच्या बाजूला तिच्याखाली चुनखडीचा दगड. मराठी घरांत 'शहाबादी' म्हणून जी फरशी पिढ्यान्पिढ्या पुसली गेली, ती याच शहाबादची. त्याच चुनखडीवर वाडी, सेडमचे सिमेंट कारखाने उभे आहेत. गाडीचा एअर फिल्टर काढला की ती कुठे फिरते ते सांगता येतं: बीदरची असेल तर तो विटकरी, शहाबाद-सेडमची असेल तर राखाडी. कंपनीच्या पुस्तकात फिल्टर बदलायचं जे अंतर दिलंय, त्याच्या अर्ध्यावर इथे बदलावा.

चुनखडीची दुसरी करामत जास्त वाईट. जमिनीखालचं पाणी जड, आणि गाडी तापली की गॅरेजातला पोऱ्या बोअरचं पाणी आणून रेडिएटरात ओततो. चहाच्या किटलीत जसा पांढरा थर धरतो तसाच तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि इंजिनाच्या आतल्या वाटांत धरतो. कलबुर्गीच्या उन्हाळ्यात पारा ४२-४३ वर जाणं नेहमीचं. गाडीचा ताप उतरवायला रेडिएटर आणि बाहेरची हवा यांत जो फरक लागतो तोच कमी झालेला, त्यात नळ्या अर्ध्या बंद. ॲल्युमिनियमचं हेड असलेल्या इंजिनाला हा ताप सोसत नाही. दोन-तीनदा काटा लालवर गेला की हेड किंचित वाकतं, पॅकिंग फुटतं, तेलात पाणी जाऊन ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ लोणी दिसू लागतं.

यावर इथला पारंपरिक इलाज ठरलेला आहे. थर्मोस्टॅट काढून फेकायचा आणि फॅन डायरेक्ट करायचा. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरचा मेणाचा दरवाजा. साधारण ८२ अंशांना तो उघडू लागतो, तोवर बंद राहून इंजिनाला लवकर तापू देतो. तो काढला की काटा खाली येतो, गिऱ्हाईक खूश. पण आता इंजिन थंडीत तापतच नाही. इंजेक्शनच्या गाडीत संगणकाला वाटतं की अजून सकाळच आहे, तो पेट्रोल सढळ सोडत राहतो. प्लग काळे पडतात, जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन खाली ऑइलमध्ये उतरतं, लिटरला चौदा किलोमीटर देणारी गाडी दहावर येते. मग त्या दहासाठी सेन्सर बदलले जातात. मूळ रोग होता नळ्यांत बसलेला चुना, आणि तो कुणी काढलेलाच नसतो.

या मिस्त्रींना अडाणी ठरवणं सोपं आहे, पण ते खरं नाही. हा सगळा भाग ट्रकांचा. पुणे-सोलापूर-हैदराबाद महामार्ग, आताचा ६५ क्रमांकाचा, उमरगा ओलांडून बसवकल्याणजवळून हुमनाबादवरून जातो. सस्तापूर बंगल्याच्या परिसरात ट्रकांची गॅरेजं ओळीने आहेत आणि इथले हात तिथे तयार झालेले. जुन्या ट्रकात फॅन पट्ट्यावर फिरायचा, इंजिन चालू म्हणजे फॅन चालू. त्या डोळ्यांना कधी चालणारा, कधी थांबणारा विजेचा फॅन बिघडलेलाच वाटणार! 'डायरेक्ट' करणं ही त्यांच्या दृष्टीने डागडुजी नसून सुधारणा होती. हीच माणसं वाकलेलं हेड लेथवर फेस करून घेतात, तुटलेला बोल्ट वेल्डिंगचा थेंब टाकून बाहेर काढतात, लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून कुठलं बेअरिंग बोलतंय ते सांगतात. उस्ताद दखनीत बोलतो, लेथवाला कन्नडमध्ये, गाडीमालक मराठीत, आणि पॅकिंग, डिलको, चिमटा, बुश हे शब्द तिघांचे सारखे. यांच्या हातात कमी काही असेल तर ते मोजमाप.

आणि मोजमाप महाग नाही. हजाराच्या आतबाहेरचा मल्टिमीटर आणि कॉम्प्रेशन गेज, एवढ्यावर निम्मे वाद मिटतात. गाडीला पिकअप नाही, गाडी मिसिंग मारते, असं म्हटलं की लोक आधी कार्ब्युरेटर उघडतात. मी म्हणेन आधी प्लग काढा आणि एका ओळीत मांडा. फिकट तपकिरी म्हणजे ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरा, भाजल्यासारखा म्हणजे हवा जास्त. तेलकट ओला म्हणजे ऑइल वर येतंय. चारांतला एकच वेगळा असेल तर दोष त्या सिलिंडरचा, चारही सारखे असतील तर दोष सगळ्यांना सामाईक असलेल्या वस्तूचा. मग कॉम्प्रेशन: निरोगी पेट्रोल इंजिनात प्रत्येक सिलिंडर साधारण १५० ते २०० पीएसआय दाखवतो, आणि खरी गोष्ट आकड्यापेक्षा चौघांतल्या फरकाची. एक खाली असला तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा वर आला तर रिंगा गेल्या, तिथेच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा पॅकिंग. दहा मिनिटांच्या या कामाने इंजिन खोलायचं की नाही ते ठरतं. ते न करता इंजिन खोलून 'बोअर-पिस्टन' केलेल्या आणि तरीही मिसिंग मारणाऱ्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

विजेच्या बाबतीत एकच सवय लावून घ्यावी: मोजायचं ते वस्तू चालू असताना. बंद तारेवर बारा व्होल्ट दिसणं म्हणजे काहीच नाही, एका जिवंत धाग्यावरूनही ते दिसतात. भार पडला की खरं कळतं. सेल्फ मारताना बॅटरीचं ऋण टोक आणि इंजिनाचं धड यांच्यात अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची पट्टी घासून घ्या, नवा सेल्फ घेऊ नका. जुन्या गाडीत अर्थिंगच्या दोषाची सोंगं फार: हॉर्न वाजवला की काटा हलतो, दिवा लावला की आयडलिंग पडतं. १९९०च्या दशकातल्या अनेक होंडा गाड्यांत तर संगणक स्वतःच सांगतो. डॅशखालचा दोन टोकांचा सॉकेट तारेने जोडला की चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो, लांब लुकलुक म्हणजे दहा, छोटी म्हणजे एक. दोन लांब आणि एक छोटी, एकवीस, म्हणजे व्हीटेकचा सोलेनॉइड. त्यावेळी सोलेनॉइड मागवण्याआधी डिपस्टिक बघावी. व्हीटेक ऑइलच्या दाबावर चालते, आणि ऑइल कमी असेल किंवा 'उन्हाळ्यात जाड घाला' म्हणून कुणी भलतंच दाट तेल भरलं असेल, तर वरच्या फेऱ्यांतला तो दुसरा दम लागतच नाही.

गॅस किट काढलेल्या गाड्यांचा एक वेगळा पंथ आहे. किट गेला तरी त्याच्या खुणा राहतात: मॅनिफोल्डला पाडलेलं भोक, त्यात आवळलेला स्क्रू, कापून टेपने जोडलेल्या इंजेक्टरच्या तारा. आयडलिंग वरखाली होत असेल तर आधी हे भोक शोधा. इंजिन चालू ठेवून सांध्यांवर पाण्याचा बारीक फवारा मारला आणि फेऱ्या बदलल्या की हवा कुठून शिरते ते सापडतं.

आता पेट्रोल. फेब्रुवारी २०२३ मध्ये बेंगळुरूत ई-२० पेट्रोलची सुरुवात झाली, २०२५ पर्यंत ते देशभर सगळीकडे पोचलं. पाचवा हिस्सा इथेनॉल. हिवाळ्यात इमामपूर, हुंजीच्या साखर कारखान्यांकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्यांमागे आम्ही तासन्‌तास अडकतो, आणि उसाच्याच मळीचं इथेनॉल टाकीत भरून घरी येतो! नव्या गाड्या त्याला सरावलेल्या आहेत. १९९८च्या कार्ब्युरेटरला त्याचा पत्ताच नाही. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांश, त्यामुळे लिटरमागे साधारण सहा-सात टक्के ऊर्जा घटते. त्यात स्वतःचा प्राणवायू असल्याने मिश्रण पातळ होतं. इंजेक्शनची गाडी ऑक्सिजन सेन्सरच्या जोरावर सावरून घेते, कार्ब्युरेटरला जेट एक-दोन नंबर मोठा घालावा लागतो. जुने रबरी पाइप फुगतात, मऊ होतात, आतून सोलतात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीत ते पाणी खाली बसून जस्ताच्या मिश्रधातूच्या कार्ब्युरेटरला आतून पांढरी बुरशी आणतं. बिदरी कलाकुसरीमुळे जस्ताशी बीदरची ओळख शतकांची, पण हे जस्त कुणालाच आवडत नाही. उपाय रोकडे आहेत: पेट्रोलचे सगळे पाइप इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घालून घ्या, फिल्टर पहिल्या वर्षी दोनदा बदला, गाडी आठवड्यातून एकदा तरी चालवा. महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरून झेन पळायला लागत नाही. ऑक्टेन ठोका थांबवतो, ताकद आणत नाही.

सुटे भाग मिळवणं या शौकाचा अर्धा वेळ खातं. बीदरहून हैदराबाद दीडशे किलोमीटरच्या आत, त्यामुळे राणीगंज आणि जामबागच्या दुकानांवर आमचा पहिला भर. कलबुर्गीवाले सोलापूर गाठतात, पुढे पुण्याच्या नाना पेठेपर्यंत जातात. भंगारातल्या गाडीचा भाग हवा तर मुंबईत कुर्ला. पण दुकानापेक्षा नातेसंबंध माहीत असावे लागतात. गाड्यांचे. एस्टीमचं १.३ लिटरचं इंजिन जिप्सीच्या घराण्यातलं, आणि २००५च्या पहिल्या स्विफ्टमध्येही तेच कूळ. जिप्सी २०१९ च्या आसपासपर्यंत बनत राहिली, लष्कराने हजारोंनी वापरली. त्यामुळे एस्टीमवाल्याला आजही पॅकिंग किट आणि बेअरिंग सहज मिळतात. पालिओच्या १.६ वाल्याचं नशीब एवढं चांगलं नाही, तिच्या इंजिनाला इथे नातेवाईकच थोडे. व्हीटेक सिटीचं बॉडीचं सामान आता भंगारातूनच येतं, आणि जुन्या गाड्या मोडीत काढायला सुरुवात झाल्यापासून ते भंगारही एकदाच भरभरून येऊन आटतंय. गाडी घ्यायच्या आधी तिचं कूळ विचारावं, रंग मागून बघावा.

वेग वाढवायच्या खटपटीबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझं मन रमत नाही. मोठा सायलेन्सर आणि उघडा फिल्टर लावलेली गाडी बहुतेकदा आवाजाने पुढे आणि काट्याने मागे असते. पंचवीस वर्षांच्या गाडीचा हरवलेला वेग आधी तिला परत द्या. इंजिनाच्या आधी टायरची बाजू बघा: चार आकडे कोरलेले असतात, २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी उन्हात वाळलेलं रबर रस्ता धरत नाही. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३चं ताजं तेल २०५ अंशांच्या वर उकळतं, पाणी मुरलेलं १४०च्या आसपासच. दोन वर्षांनी ते बदलायला फारसा खर्च नाही.

टायमिंग बेल्टबाबत बीदरकरांनी खरं तर आकाशाकडे बघावं. इथल्या हवाई दलाच्या तळावर हॉक विमानं सराव करतात, सूर्यकिरण पथकाचं घरही हेच. विमानाचे कित्येक भाग बिघडल्यावर बदलत नाहीत, तास भरले की बदलतात. बेल्टचंही तसंच आहे. तो तुटायच्या आधी काही सांगत नाही, आणि ज्या इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची वाट एकमेकांत येते तिथे तो तुटला की वाकलेल्या व्हॉल्व्हचा खर्च गाडीच्या किमतीला भिडतो. मागच्या मालकाने कधी बदलला ते माहीत नसेल, तर बदललाच नाही असं धरून चाला. सोबत टेन्शनर आणि पाण्याचा पंपही.

राहिला कागद. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्याची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या कारसाठी १०,०००. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त राहिलेल्या गाडीची नव्याने नोंदणी करावी लागते, त्यासाठी मूळ आरटीओचा ना-हरकत दाखला आणि कर्नाटकचा कर. हा खर्च टाळून एमएच पाटीवर वर्षं काढणारे पुष्कळ, आणि एखाद्या नाक्यावर ते सगळं एकदम वसूल होतं. विंटेजचा सन्मान २०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीला दिला. आमच्या गाड्या त्या पंक्तीला बसायला अजून बरीच वर्षं आहेत. गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करायला मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम आडवं येतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलं. म्हणजे मूळ रूप जपणाऱ्याच्या बाजूने निदान कायदा तरी आहे.

माझ्या एस्टीमला नवा किल्लीचा स्विच, फॅनला स्वतःचा रिले, नवा थर्मोस्टॅट बसवला, आणि रेडिएटर उघडून सळई मारून घेतली. आतून वाटीभर पांढरी भुकटी निघाली. कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं भरलं. उस्तादांना शेवटपर्यंत पटत नव्हतं. "गरमी में धोका देगा," म्हणत त्यांनी जुनी डायरेक्टची तार कापून टाकण्याऐवजी गुंडाळून डॅशखाली बांधून ठेवली. ती अजून तिथेच आहे.

परवा भालकीजवळ दोन उसाच्या ट्रॉल्यांमागे वीस मिनिटं अडकलो होतो. खिडक्या उघड्या, इंजिन चालू, काटा मध्यावर. मी कान लावून बसलो होतो. खटकन रिले ओढला गेला, फॅन सुरू झाला. मिनिटभर फिरला आणि आपण होऊन थांबला.